कृपया पुस्तकं जागेवर ठेवू नका

मंगळवार, १० ऑगस्ट २००४. बाहेर टेक्ससचं ऊन, आत एसीमुळे अंगात स्वेटर. हातातलं काम: अरबी कपाटाची खुरपणी.

सार्वजनिक ग्रंथालयात पुस्तकं येत राहतात आणि भिंती तिथेच राहतात. त्यामुळे दरवर्षी काही पुस्तकं काढावी लागतात. अमेरिकेत या कामाला वीडिंग म्हणतात, म्हणजे तण काढणं. तण कुठलं आणि पीक कुठलं हे ग्रंथपालाने आपल्या आवडीने ठरवायचं नसतं, ते कॉम्प्युटर ठरवतो. दोन वर्षांत जे पुस्तक कुणी वापरलं नाही, ते यादीत येतं. यादीतलं पुस्तक काढायचं, त्यावर 'रद्द' असा शिक्का मारायचा आणि दाराजवळच्या विक्रीच्या टेबलावर ठेवायचं. शुगर लँडच्या एका शाखेत मी हे काम बरीच वर्षं केलं. रडू वगैरे येत नाही. ज्यांना येतं ते मुलांच्या विभागात बदली मागून घेतात.

आता जे वाचक पुस्तक घरी न नेता तिथेच बसून वाचतात, त्यांचं काय? त्यांचीही सोय आहे. प्रत्येक टेबलावर पाटी असते: 'पुस्तकं इथेच राहू द्या, आम्ही जागेवर ठेवू.' लोकांना ही आमची सेवावृत्ती वाटते. तसं काही नाही. टेबलावर राहिलेलं पुस्तक आम्ही आधी स्कॅन करतो, म्हणजे 'इथे वाचलं गेलं' अशी एक नोंद पडते, आणि मग ते कपाटात जातं. तुम्ही स्वतःच ते जागेवर ठेवलंत, तर आमच्या लेखी ते कुणी वाचलंच नाही. हे मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. तेव्हा पुढे जे झालं त्याचा दोष दुसऱ्या कुणाला देता येत नाही.

अरबी कपाटात तीनशे चाळीस पुस्तकं होती. त्या मंगळवारच्या यादीत त्यांतली दोनशे चौदा होती; उरलेली नवी, येऊन दोन वर्षं न झालेली.

हे कपाट माझ्याकडे का, असं मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, हमखास विचारलं जाई. "काय गं सुनंदा, अरबी कधी शिकलीस?" शिकले नव्हते. आमची शाखाप्रमुख लिंडा हिने एके दिवशी विचारलं होतं, "तू त्या बाजूची आहेस ना?" मी अमरावतीची. मी म्हटलं, त्या बाजूची म्हणजे कुठल्या? ती म्हणाली, "यू नो, वेगळ्या लिप्यांच्या बाजूची." चिनी कपाट फिलिपिन्सच्या एका बाईकडे होतं. तिलाही चिनी येत नव्हतं. मी पुस्तकाच्या कण्यावरची अक्षरं लावून लावून ओळखण्यापर्यंत आले आणि थांबले. कारण तेवढ्यावर पगार मिळत होता.

पहिली चूक अर्थात झाली. बारकोडची चिकटपट्टी आम्ही पुस्तकाच्या मागच्या कव्हरवर लावतो. अरबी पुस्तक उजवीकडून उघडतं, म्हणजे आपलं मागचं कव्हर ते त्यांचं पुढचं. सगळ्या पट्ट्या नावांवर नाहीतर चित्रांवर बसल्या. कुणी काही बोललं नाही. मग एका गुरुवारी काळ्या जाकिटातल्या, साठी उलटलेल्या एक बाई काउंटरवर पुस्तक घेऊन आल्या आणि अडखळत्या पण स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, "हा लेखक मेला का?"

"माहीत नाही. का?"

"मग याच्या तोंडावर कापड का टाकलंय?"

पट्टीखाली लेखकाचा फोटो होता.

या उम्म सलीम. उम्म म्हणजे आई. त्यांच्याकडे बाईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, आपल्याकडे शेजारीण 'केतकीची आई' म्हणते तशी. त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं, "थोरला कोण?" मी म्हटलं, थोरली. केतकी. तेव्हापासून मी उम्म केतकी झाले. बिल्ल्यावर सुनंदाच राहिलं. त्या बगदादच्या एका मुलींच्या शाळेत वाङ्मय शिकवत. मुलगा सलीम इथे तेल कंपनीत इंजिनियर. तो त्यांना मंगळवारी आणि गुरुवारी दहाला सोडायचा आणि चारला न्यायचा. मधला सगळा वेळ त्या कपाटाशेजारच्या टेबलावर वाचत असत. डबा खायला बाहेरच्या बाकावर जात आणि पंधरा मिनिटांत परत. इतर दिवशी काय करता, असं मी एकदा विचारलं. "इतर दिवशी मी सलीमकडे असते," त्या म्हणाल्या. त्यांच्या घरी एकही अरबी पुस्तक नव्हतं. तिकडून निघण्याआधी, इराकवरच्या निर्बंधांच्या वर्षांत, नवऱ्याची सगळी पुस्तकं फुटपाथवर विकली होती, हे त्यांनी सांगितलं ते मुळ्याची भाजी महाग झाली हे सांगावं तितक्या सहज.

त्यांच्याकडूनच मला कळलं की या कपाटात काय आहे. आमच्या कॅटलॉगमध्ये अरबी नावं रोमन अक्षरांत, वर-खाली ठिपके देऊन लिहिलेली असायची. ती अरबांना अडखळतच वाचता येत आणि मला मुळीच नाही. त्या बोटाने दाखवत गेल्या. हे बैरूतच्या यादवीतल्या एका इमारतीचं. हे तुरुंगातलं. हे बाईने लिहिलंय, तिच्या देशात मिळत नाही. हे नवऱ्याने लिहिलंय, बायकोचं नाव घातलंय. हे चांगलं आहे, हे जाड आहे. अर्धीअधिक पुस्तकं ज्या देशांत लिहिली गेली तिथे बंद होती आणि बैरूतला छापलेली होती. त्यांच्यात एक म्हण आहे: कैरो लिहितं, बैरूत छापतं, बगदाद वाचतं.

२००१च्या सप्टेंबरनंतर आमच्याकडे अरबांविषयीच्या इंग्रजी पुस्तकांना वेटिंग लिस्ट लागली. अरबांनी लिहिलेली पुस्तकं कपाटात होती, त्यांना कसलीच लिस्ट नव्हती. उलट जे नेत होते त्यांनी न्यायचं बंद केलं. नवा कायदा आला होता. तपास करणारे ग्रंथालयाकडे वाचकाची नोंद मागू शकत होते, आणि मागितली हे आम्ही वाचकाला सांगायचं नव्हतं. आमच्या शाखेकडे कुणी काही मागितल्याचं मला माहीत नाही. मागितलं असतं तरी मी सांगितलं नसतं, तेव्हा हे वाक्य बिनकामाचं आहे. ग्रंथालयाचं कार्ड काढायचं नाही, असं सलीमने आईला सांगून टाकलं होतं, "नो कार्ड." तेल कंपनीतल्या बाकीच्यांनीही आपापल्या घरी तेच सांगितलं असावं. वाचायचं ते तिथे बसून वाचा.

त्यातच २००२च्या वसंतात ती शनिवारची तक्रार झाली. शनिवारी दुपारी डॉक्टर हानी, हे इजिप्तचे हृदयरोगतज्ज्ञ, चार-पाच मित्रांना घेऊन त्याच टेबलावर बसत. एकदा आवाज चढले. मासिकांच्या कोपऱ्यातल्या कुणीतरी फोन केला की परकी भाषा बोलणारी माणसं चिडून काहीतरी ठरवताहेत. एक तरुण पोलीस आला. अतिशय नम्र. त्याने मलाच बाजूला घेऊन विचारलं, "मॅम, त्यांचं काय चाललंय?"

मी जाऊन विचारून आले. म्हटलं, "वृत्त सोडून लिहिलेल्या कवितेला कविता म्हणायचं की नाही, यावर वाद आहे."

त्याने ते वहीत लिहिलं. मग विचारलं, "म्हणायचं?"

"पन्नासेक वर्षं ठरलेलं नाही," मी म्हटलं. ते आमच्याकडेही ठरलेलं नाही, हे नाही सांगितलं. त्याला वहीत आणखी एक देश लिहावा लागला असता.

तो हसून गेला. पण डॉक्टर हसले नाहीत. त्या दिवसापासून ती मंडळी हळू आवाजात बोलू लागली आणि उठताना टेबल असं स्वच्छ करू लागली की कुणी बसलं होतं हे कळू नये.

आणि इथे माझी चूक येते. टेबलावर राहिलेली अरबी पुस्तकं जागेवर ठेवणारे आमचे कर्मचारी ती उलटी, पालथी, कुठेही घालत. अक्षर कळत नाही, करणार काय? दर सोमवारी माझा तास त्यात जायचा. मला घरी लहानपणापासून शिकवलेलं की घेतलेली वस्तू जिथली तिथे ठेवावी. मी उम्म सलीमना म्हटलं, तुमच्या भाषेत एक पाटी लिहून द्या: 'कृपया पुस्तक जागेवर ठेवा.' त्यांना फार आवडलं. शिक्षिकेला आवडणारच. त्यांनी सुरेख वळणदार अक्षरात पाटी लिहिली, मी लॅमिनेट करून कपाटावर लावली. सगळ्या ग्रंथालयात जी एकमेव शिस्तीची पाटी होती ती माझी होती. कपाट आरशासारखं राहू लागलं. मला वार्षिक मूल्यमापनात त्याबद्दल चांगला शेरा मिळाला.

नेणं बंद, टेबलावर काही नाही. नोंद शून्य. दोन वर्षं शून्य. पाटीनंतरच्या पहिल्या खुरपणीत, २००३ साली, मी त्या कपाटातली चाळीस पुस्तकं रद्द केली होती, तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मराठी कपाटही मीच रद्द केलं होतं. सतरा पुस्तकं होती, त्यांतली सहा स्वयंपाकाची. त्याबद्दल आजवर एकाही मराठी माणसाने विचारलेलं नाही, त्यामुळे मला वाटलं, भाषा अशाच जातात.

तर १० ऑगस्टला मी यादी आणि ट्रॉली घेऊन कपाटाशी उभी होते. उम्म सलीम वाचत होत्या. त्यांनी पुस्तक मिटलं, उठल्या, माझ्या अंगावरून हात लांबवून ते जागेवर ठेवलं, कणा इतरांच्या रेषेत आणला आणि शेजारचं काढलं. जे ठेवलं ते यादीत चौथं होतं. दोन वर्षांत वापर: शून्य.

मी ट्रॉली तशीच ठेवली आणि लिंडाच्या केबिनमध्ये गेले. तिला सगळं सांगितलं, पाटीसकट. लिंडा चांगली बाई आहे, पण कपाटाच्या जागी सहा कॉम्प्युटर बसायचे होते आणि वायरमन ठरला होता.

"म्हणजे ती पुस्तकं वाचली जातात, असं तुझं म्हणणं?"

"हो."

"पुरावा?"

"स्वच्छ कपाट."

तिने भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग म्हणाली, "महिनाअखेरपर्यंत वेळ देते. जेवढ्यांची नोंद पडेल तेवढी राहतील. दुसऱ्या भिंतीला एक लहान कपाट देईन. आणि सुनंदा, खोट्या नोंदी नकोत."

खोटं करायचं तर सोपं होतं. स्कॅनर घ्यायचा, कपाटावरून फिरवायचा, दहा मिनिटांत दोनशे चौदा वाचक. मी ते केलं नाही. तत्त्व वगैरे आहेच, पण मुख्य म्हणजे आकडा दुसऱ्या दिवशी कुणालाही कळला असता. एका मंगळवारी सकाळी दहा मिनिटांत एवढं वाचणारा समाज जगात कुठेही नाही.

मी पाटी काढली आणि उम्म सलीमना सांगितलं, आजपासून पुस्तक जागेवर ठेवायचं नाही. टेबलावर टाकून जायचं.

"टाकून?" त्यांनी असं विचारलं, जणू मी चपला देवघरात काढायला सांगितल्या. "उघडं?"

"मिटून चालेल. पण टेबलावर. मशीन त्याची नोंद घेतं. नाव घेत नाही, फक्त पुस्तक."

"कुणी वाचलं ते नाही घेत?"

"नाही."

त्या खुर्चीत बसल्या. "उम्म केतकी, आमच्याकडेही मशीन नाव घेत नसे. मशीनशेजारी बसलेला माणूस घ्यायचा."

इथे मशीनशेजारी मीच बसत होते. मग मी काउंटरवरचा स्कॅनर वायरीसकट ओढून त्यांच्या हातात दिला. म्हटलं, तुम्हीच करा आणि तुम्हीच बघा. त्यांनी चष्मा लावला, बारकोडवर लाल रेघ धरली. टीं झालं. पडद्यावर पुस्तकाचं नाव, तारीख आणि एक हा आकडा आला. त्यांनी दोन वेळा वरपासून खालपर्यंत वाचलं.

"नाव चुकलंय," त्या म्हणाल्या.

"कुणाचं?" मी पडद्याकडे वाकले.

"पुस्तकाचं. ठिपका खाली पाहिजे."

दुरुस्त केलं. मग चारला सलीम न्यायला आला तेव्हा त्यांनी त्याच्या मोबाइलवरून तीन फोन केले. आठवड्याभरात त्या टेबलावर मी कधी न पाहिलेली माणसं दिसू लागली. एक सीरियन दंतवैद्य बाई जेवणाच्या सुट्टीत येऊन एक कथा वाचून जायची. शनिवारी डॉक्टर हानी आले आणि सगळं कळल्यावर डोक्याला हात लावून म्हणाले, "कैरो लिहितं, बैरूत छापतं, बगदाद वाचतं आणि शुगर लँड जागेवर ठेवतं." त्या दिवशी ते जुन्या आवाजात बोलले. फोन कुणी केला नाही.

पण उठताना त्यांनी तीस कवितासंग्रहांचा ढीग मागे ठेवला. उम्म सलीम त्या शनिवारी मुद्दाम आल्या होत्या. त्यांनी ढिगावर हात ठेवला.

"दुक्तूर, यातली किती उघडली?"

"उम्म सलीम, कविता मला पाठ आहेत. उघडायला कशाला हवीत?"

"पाठ आहेत तर म्हणा."

हृदयरोगतज्ज्ञाने चार म्हटल्या. पाचवी अर्ध्यावर अडली. बाईंनी चार पुस्तकं टेबलावर ठेवली आणि सव्वीस स्वतः कपाटात परत ठेवली. मी स्कॅनर हातात घेऊन उभी होते. माझा जीव तीळतीळ तुटत होता, पण लिंडाला दिलेला शब्द त्या माझ्यापेक्षा कडक पाळत होत्या. डॉक्टर पुढच्या शनिवारी लवकर आले आणि खाली मान घालून वाचत बसले.

महिनाअखेरीस, मंगळवारी, चारच्या सुमारास मी शेवटची यादी छापली. दोनशे चौदातल्या एकशे सहा पुस्तकांची नोंद पडली होती. ती राहणार. एकशे आठ जाणार. उम्म सलीमनी यादी मागितली आणि पेन्सिलीने एकेक ओळ तपासू लागल्या, मुलींच्या उत्तरपत्रिका तपासाव्यात तशा. जाड पुस्तकांना मान हलवली. एका ओळीवर पेन्सिल थांबली.

"हे का?"

मी बघितलं. एक पातळशी कादंबरी. शून्य.

"कुणी टेबलावर ठेवलं नाही," मी म्हटलं.

"मी वाचलं. याच पंधरवड्यात दोनदा. त्याआधी नऊ वेळा."

"मग ठेवलं का नाही?"

ही कादंबरी त्यांच्या नवऱ्याच्या कपाटातली. म्हणजे तीच प्रत नव्हे, पण तीच आवृत्ती, तेच हिरवं कव्हर. फुटपाथवर ती सगळ्यात शेवटी गेली होती. "बाकीची टाकली टेबलावर," त्या म्हणाल्या. "ही टाकवली नाही. हात आपोआप कपाटाकडे गेला." मग यादीवर बोट ठेवून म्हणाल्या, "अकरा वेळा वाचलं. तुमच्या कागदावर कुणीच नाही वाचलं."

मी घड्याळ बघितलं. मोजणी बंद झाली होती आणि मी शब्द दिला होता. म्हटलं, "घरी नेलेलं पुस्तक रद्द होत नाही, असा नियम आहे. पण त्याला कार्ड लागतं. तुमचं नाव, पत्ता. तुम्ही काय नेलंत, हे ते परत येईपर्यंत मशीनला माहीत राहील. आणि मला."

बाहेर सलीमची गाडी येऊन उभी राहिली होती. त्यांनी काचेतून तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"फॉर्म द्या."

फॉर्म दिला. त्याला जोडायला पत्त्याचा पुरावा लागतो: बिल, बँकेचं पत्र, काहीही, पण स्वतःच्या नावाचं. त्यांच्याकडे काही नव्हतं. घर, वीज, फोन, बँक सगळं सलीमचं. पाच वर्षांत या देशात त्यांच्या नावाने एकही कागद घरी आला नव्हता. अशा माणसांसाठी आमच्याकडे एक जुनी पद्धत आहे. ग्रंथालय त्या नावाने, त्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड पाठवतं. ते हातात घेऊन माणूस काउंटरवर आला, की पत्ता सिद्ध.

"पण टपालाची पेटी सलीम उघडतो ना?" मी विचारलं.

"उघडू दे. नाव वाचता येतं त्याला."

हॉर्न वाजला. त्या पर्स घेऊन निघाल्या. हिरवी कादंबरी मी माझ्या टेबलाच्या खणात ठेवली. नियमावलीत खणाविषयी काही लिहिलेलं नाही. मग फॉर्म उचलला आणि पहिल्यांदाच त्यांचं नाव वाचलं. तीन वर्षं मी या बाईला फक्त मुलाच्या नावाने ओळखत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वीस मिनिटं लवकर गेले. ऑफिसची टपाल गाडी शुक्रवारीच येते, म्हणून वाटेत तिकीट घेतलं होतं. पोस्टकार्डावर ठळक अक्षरांत लिहिलं: श्रीमती नजाह अब्दुल वाहिद. खाली घर नंबर, रस्ता, शुगर लँड, टेक्सस. ठिपके, अक्षरं दोनदा तपासली. वायरमन दार वाजवत होता, त्याला आत घेतलं आणि पलीकडच्या कोपऱ्यावरच्या पेटीत ते टाकून आले.